सगळ्यात चांगला कोच सगळ्यात लहान मुलांना द्या

प्रति,
हॉकी क्लब, शाळा आणि संघटनांमध्ये कोचच्या नेमणुका ठरवणारे सर्व पदाधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी वयोगटांच्या हॉकी सामन्यांत पंच म्हणून काम करतो. प्रेक्षकांत बसणाऱ्याला न मिळणारी एक गोष्ट पंचाला आपोआप मिळते. बाकावरून कोच जे जे बोलतो ते सगळं त्याच्या कानांवर पडतं, आणि ते ऐकून मुलांचे चेहरे कसे होतात तेही त्याला जवळून दिसतं. पहिलं क्वार्टर संपेपर्यंत त्या संघाला शिकवणारा माणूस कसा आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. गोलफलक काय सांगतोय याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

फ्री हिटचंच घ्या, म्हणजे समोरच्या संघाने नियम मोडला की मिळणारा मोकळा फटका. २००९ साली नियमांत सेल्फ पास आला. तेव्हापासून फ्री हिट घेणाऱ्याला चेंडू दुसऱ्याकडे द्यायलाच हवा असं राहिलं नाही, तो स्वतःच चेंडू घेऊन निघू शकतो. मोठ्यांच्या हॉकीचा वेग या एका बदलाने कुठल्या कुठे गेला. लहान मुलांच्या सामन्यात मात्र मी शिट्टी वाजवतो, हात दाखवतो, आणि फ्री हिट मिळालेली मुलगी चेंडूजवळ उभी राहून बाकाकडे बघते. तोंडाने काही विचारत नाही, पण ते बघणं म्हणजे परवानगी मागणंच असतं. तोवर समोरचा संघ मागे जाऊन व्यवस्थित उभा राहिलेला असतो. दुसऱ्या संघातली तेवढ्याच वयाची मुलगी शिट्टी कानावर पडताच चेंडू घेऊन निघालेली असते. कधी ती चुकते, चेंडू घालवते आणि तशीच मागे पळत जाऊन परत मिळवायला बघते. दोघींच्या कौशल्यात म्हणावा असा फरक नसतो. चूक झाली तर पुढे काय होणार, याचा दोघींचा अनुभव वेगळा असतो, आणि तो अनुभव त्यांना कोचने दिलेला असतो.

हे पत्र लिहिण्याचं कारण तुमची नेमणुकांची पद्धत. जवळजवळ सगळीकडे ती सारखीच दिसते. सगळ्यात अनुभवी, सगळ्यात शिकलेला कोच सीनियर संघाला. त्याच्या खालचा १८ वर्षांखालच्यांना. असं करत करत १० वर्षांखालच्या गटापर्यंत येईतो यादीत कोणी उरलेलंच नसतं. मग सीनियर संघातला एखादा हौशी खेळाडू, एखादे उत्साही पालक किंवा 'शिकेल हळूहळू' म्हणून घेतलेला नवा मुलगा तिथे उभा केला जातो. या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बरेचदा ती विनामोबदला येतात, शंकू मांडतात, चेंडू गोळा करतात. पण सगळ्यात अवघड काम सगळ्यात कमी तयारीच्या माणसाला द्यायचं, हा क्रम उलटा आहे आणि तो तुम्हीच बदलू शकता.

अवघड का, ते सांगतो. हॉकीत चेंडू खेळायचा तो स्टिकच्या चपट्या बाजूनेच. ती बाजू प्रत्येक स्टिकला डावीकडेच असते, डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक या खेळात नाहीच. म्हणजे चेंडू उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे न्यायचा तर दर वेळी स्टिक फिरवावी लागते. फिरवणारा हात डावा, वर मुठीपाशी धरलेला. खालचा उजवा हात सैल ठेवायचा, त्याच्यातून स्टिक सहज फिरली पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा स्टिक द्या, तो नेमकं उलटं करेल. उजव्या हाताने गच्च धरेल आणि डावा नुसता टेकवेल. त्यात त्याची काही चूक नाही, कोणतंही अवजार माणूस असंच धरतो. पहिल्या काही आठवड्यांत कोणी शेजारी बसून हात सोडवून दिला, तर गोष्ट तिथेच संपते. नाही दिला तर मूल त्याच पकडीवर वाढतं. सरळ धावताना काही बिघडत नाही, गोलही होतात. सोळाव्या वर्षी बचावपटू डाव्या बाजूने अंगावर येतो आणि रिव्हर्स, म्हणजे उलटी फिरवलेली स्टिक, लावायची वेळ येते, तेव्हा स्टिक अर्धीच फिरते. मग वरच्या गटाचा कोच हळहळतो की पोरगं गुणी आहे पण रिव्हर्स कच्चा आहे. सरावात तो सुधारतोही. पण दमल्यावर, दडपण आल्यावर हात जुन्याच पकडीवर जातात. शेवटच्या पाच मिनिटांत हे मी किती वेळा जवळून पाहिलं आहे!

मान वर ठेवून खेळण्याचंही तेच. चेंडू पायाच्या जवळ ठेवला तर तो बघायला मान खाली घालावी लागते. उजव्या पायाच्या थोडा पुढे आणि बाहेर ठेवला, तर नजरेच्या कडेला चेंडू राहतो आणि समोरचं मैदानही दिसतं. दोन वितींचा फरक, पण त्यावर पुढचा सगळा खेळ अवलंबून असतो. जे मूल बघतच नाही त्याला 'पास दे, पास दे' असं बाजूने ओरडून काय उपयोग? त्याला पास द्यायला माणूसच दिसत नसतो.

सरावाकडे येऊ. तुमच्यापैकी कितीजण लहान गटाचा सराव शेवटपर्यंत बघतात, कल्पना नाही. बहुतेक ठिकाणी चित्र असं असतं: बारा मुलांची एक रांग, समोर शंकू, कोचची शिट्टी. एक मूल चेंडू घेऊन शंकूंमधून जातं, गोलवर मारतं, रांगेच्या शेवटी येऊन उभं राहतं. एका पाळीला वीस सेकंद धरा. म्हणजे आपली पाळी परत यायला चार मिनिटं. वीस मिनिटांच्या त्या सरावात एकेका मुलाला पाच पाळ्या मिळाल्या, शंभर सेकंद. उरलेली अठरा मिनिटं त्याने रांगेत उभं राहून पुढच्याच्या पाठीत स्टिक खुपसण्यात घालवली. लांबून बघणाऱ्याला हा सराव फार शिस्तीचा वाटतो. पालकही खूश असतात. पण शंकू कधी अंगावर येत नाही, चेंडू हिसकावत नाही, हूल दिल्यावर फसत नाही. शंकूंसमोर शिकलेलं ड्रिबलिंग माणूस समोर आला की विरघळतं.

त्याच बारा मुलांचे तीन-तीनचे चार संघ करा, दोन छोटी मैदानं आखा, प्रत्येकी चार गोल ठेवा, दोन या बाजूला आणि दोन त्या. आता एकही मूल उभं नाही. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, म्हणून मान आपोआप वर येते. ही कल्पना माझी नाही. होर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने मुलांसाठी मिनी हॉकीची मांडणी केली आणि पुढे हाच विचार तीन-तीनच्या, चार गोलांच्या फुटबॉलपर्यंत नेला. त्याचा आग्रह साधा होता. मोठ्यांचा खेळ मुलांच्या गळ्यात न घालता खेळच मुलांच्या मापाचा करायचा. नऊ वर्षांच्या मुलांना अकरा-अकराच्या संघात ९१.४ मीटर लांबीच्या पूर्ण मैदानावर उतरवलं की दोघं-तिघं खेळतात आणि बाकीची उन्हात उभी राहतात. तरीही अशा स्पर्धा आपण भरवतोच, आणि मी तिथे शिट्टी घेऊन हजरही असतो.

अशा मोठ्या मैदानावर जिंकायचा एक सोपा मार्ग आहे. जो मुलगा अंगाने मोठा, त्याला मध्ये उभा करायचा आणि सांगायचं, चेंडू आला की जोरात हिट मार. पुढे एक वेगाने पळणारा ठेवायचा. ११ वर्षांखालच्या स्पर्धेत एवढ्यावर करंडक मिळतो. कोचचं कौतुक होतं, तुमच्या वार्षिक अहवालात फोटो येतो. पण त्या हिट मारणाऱ्या मुलाला वर्षभरात कोणी ट्रॅप (येणारा चेंडू स्टिकवर थांबवणं) शिकवलेला नसतो, पुश (स्टिक न उगारता चेंडू ढकलणं) शिकवलेला नसतो, कारण गरजच पडलेली नसते. तीन वर्षांनी बाकीची मुलं उंचीला त्याला गाठतात आणि त्याच्या हातात काहीच उरत नाही.

अंगाने मोठा असण्यामागे पुष्कळदा निव्वळ जन्मतारीख असते. १९८५ साली कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी बर्फावरच्या हॉकीतल्या वरच्या स्तराच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथे वयोगटाची सीमारेषा १ जानेवारी. निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल त्याच गटातल्या जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असतं, आणि दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. निवड करणारा त्या वर्षालाच गुणवत्ता समजतो. मग मोठ्याला जास्त सामने, जास्त लक्ष, जास्त शाबासकी, धाकटा बाकावर. दोन-तीन हंगामांत फरक खरोखरचा होऊन बसतो. तयार कोच निवडीच्या दिवशी जन्मतारखांची यादी हातात ठेवतो. नवख्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

बाकावरचं मूल पुढच्या वर्षी येत नाही. माझ्या मते कोचचा सगळ्यात मोठा प्रभाव इथे दिसतो, आणि तुमच्या अहवालांत त्याला एक ओळही नसते. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांवर अनेक वर्षं काम केलं. हंगामाआधी काही कोचना त्यांनी थोड्या तासांचं प्रशिक्षण दिलं. मेहनतीची दखल घ्या, चुकल्यावर आधी धीर द्या आणि मग नेमकं काय करायचं ते सांगा, रागवून शिक्षा करणं टाळा, असा साधाच त्याचा गाभा. पुढच्या हंगामात काय झालं ते १९९२ साली प्रसिद्ध झालं. प्रशिक्षण न घेतलेल्या कोचच्या संघांतली २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली होती, प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांतली ५ टक्के. जिंकण्या-हरण्यात दोन्हींत फरक नव्हता. म्हणजे खूप जिंकल्यामुळे मुलं टिकली असंही म्हणता येत नाही. खेळ बेसबॉल होता हे मान्य. पण चूक झाल्यावर मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघणारं मूल सगळ्या खेळांत सारखंच असतं.

इथे कोणी म्हणेल, मग काय मुलांना रागवायचंच नाही? रागवा की! उशिरा आलं, पंचाशी उद्धट वागलं, दुसऱ्याला लागेल अशी स्टिक फिरवली, तर जरूर रागवा. माझ्याकडून हिरवं कार्ड मिळून दोन मिनिटं बाहेर बसण्याआधी कोचने समज दिली तर मला आनंदच आहे. चुकलेल्या ट्रॅपवर ओरडणं मात्र वेगळं. चेंडू स्टिकवरून उडाला हे त्या मुलाला कोचच्या आधी कळलेलं असतं. त्याला हवी असते पुढची सूचना: हात सैल सोड, चेंडू येऊन लागला की स्टिक किंचित मागे घे. चार शब्दांची ती सूचना देता येत नाही म्हणून माणूस ओरडतो, असं माझं अनेक सामन्यांनंतरचं मत आहे.

मोठ्या पातळीवरच्या लोकांनाही हे शिकावं लागलं आहे. डॅनी केरी यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटनच्या महिलांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, नेदरलँड्सविरुद्ध ३-३ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये. त्याच केरींनी २००८ च्या बीजिंगनंतर स्वतःबद्दल खेळाडूंचा बोचरा अभिप्राय वाचला होता आणि आपली वागण्याची रीत बदलली, हे त्यांनी उघडपणे सांगितलं आहे. रिओच्या आधीच्या तयारीत दमलेल्या खेळाडूंसमोर दर गुरुवारी खेळातले पेच टाकायचे आणि उत्तरं त्यांनाच शोधायला लावायची, अशी त्यांची पद्धत होती. ऑस्ट्रेलियाच्या रिक चार्ल्सवर्थ यांनी १९९६ आणि २००० ची महिला ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारा संघ घडवला. एका कर्णधारावर सगळी भिस्त न ठेवता त्यांनी नेतृत्व अनेकींत वाटून दिलं. दोघांचा रोख एकच दिसतो: मैदानावर निर्णय खेळाडूने घ्यायचा. पण हा निर्णय घेण्याची सवय चोविसाव्या वर्षी लावायला ऑलिंपिकचा कोच लागतो. दहाव्या वर्षी ती लावायला 'तुला काय वाटतं?' असं विचारून उत्तराची वाट बघणारा माणूस पुरतो.

जाता जाता गोलरक्षकाबद्दल. लहान गटांत जो सावकाश पळतो त्याला पॅड बांधले जातात. पुढे सरावात तो बाकीच्यांच्या फटक्यांचं लक्ष्य म्हणून उभा असतो, एकामागून एक, उठायलाही वेळ न देता. पाय कसे ठेवायचे, कोन कसा कमी करायचा, पुढे कधी यायचं, कोणी बोलत नाही. गोल बसला की मात्र सगळे त्याच्याकडे बघतात. एवढा एकटा खेळाडू मैदानावर दुसरा नाही. गोलरक्षकाला सरावाची पंधरा मिनिटं स्वतंत्र देणारा कोच दिसला तर त्याला सोडू नका.

दुखापतींबद्दलही थोडं. मुली साधारण १२ आणि मुलगे साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास झपाट्याने उंच होतात. त्या काळात कालपर्यंत जमणारा ट्रॅप अचानक चुकायला लागतो, गुडघ्याखाली दुखतं, वाकून खेळताना पाठ धरते. समजणारा कोच तेव्हा सराव हलका करतो, न समजणारा 'लक्ष कुठे आहे तुझं?' म्हणतो. त्यातच ड्रॅग फ्लिकची, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन उचलून फेकण्याची, हौस. पेनल्टी कॉर्नरवर (गोलजवळच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीत) गोलवरचा पहिला फटका हिट असेल तर तो ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, ड्रॅग फ्लिकला ही मर्यादा नाही. त्यामुळे प्रत्येक संघाला ड्रॅग फ्लिकर हवा असतो आणि वाढत्या वयाच्या पोरांकडून एका सरावात पन्नास-पन्नास फ्लिक मारून घेतले जातात. त्यात कंबर आणि पाठीचा खालचा भाग किती पिळला जातो, ते एकदा जवळून बघा. दुखतंय हे मूल सांगणार नाही. संघ कोच निवडतो, आणि दुखतंय म्हटलं तर जागा जाईल हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. कोचच्या हातातली ही सत्ता इतकी एकतर्फी आहे की गैरवर्तनाची तक्रार मुलाला किंवा पालकांना कोचला वगळून थेट कोणाकडे नेता येईल, त्या माणसाचं नाव प्रत्येक क्लबने ठळकपणे लावलेलं असावं. याला पैसे लागत नाहीत.

आता दुसरी बाजू. 'कोच खेळाडू घडवतो' हे वाक्य सत्कारसमारंभांत फार ऐकू येतं आणि मला ते अर्धंच पटतं. कोचला आठवड्यातले तीन-चार तास मिळतात. मुलाची उंची, वेग, घरातलं वातावरण, घरून मैदानावर आणून सोडणारं कोणी आहे की नाही, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. विलक्षण हातांचं मूल साधारण कोचकडूनही पुढे जातं, तशी उदाहरणं मी पाहिली आहेत. चांगल्या कोचच्या हातून आयुष्यात एकही आंतरराष्ट्रीय खेळाडू घडला नाही, असंही होतं आणि त्यात त्याला कमीपणा नाही. घडवण्याची ताकद मर्यादित आहे, पण खेळापासून तोडण्याची ताकद अफाट आहे. एका हंगामात, चार बोचऱ्या वाक्यांत आणि दहा सामने बाकावर बसवून मूल कायमचं जातं. जे गेलं ते पुढे काय झालं असतं, याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही. म्हणून कोचची निवड मला जास्त महत्त्वाची वाटते ती सामान्य मुलांसाठी. ती पुढे क्लब खेळतील, पंच होतील, स्वतःच्या मुलांना मैदानावर आणतील, किंवा निदान टीव्हीवर सामना लागला तर चॅनल बदलणार नाहीत.

सीनियर संघाला चांगला कोच नको असं मी म्हणत नाही. पण पंचवीस वर्षांच्या खेळाडूला कोच पटला नाही तर तो क्लब बदलतो, वाद घालतो, स्वतः सामन्यांचं चित्रण बघून शिकतो. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यासाठी समोर उभे असलेले सर किंवा मॅडम म्हणजेच हॉकी.

तेव्हा माझी विनंती अशी. लहान गटाच्या कोचला सीनियर कोचएवढंच मानधन द्या. त्याला 'बढती' म्हणून वरच्या गटात ढकलू नका, तिथेच राहायचं असेल तर तिथेच मान द्या. हंगामाच्या शेवटी त्याला करंडक किती आले हे विचारण्याआधी गेल्या वर्षीची किती मुलं परत आली ते विचारा, आणि जी आली नाहीत त्यांच्या घरी एक फोन करून कारण ऐकून घ्या. अंतिम सामन्याला प्रमुख पाहुणे म्हणून येता, त्याऐवजी एखाद्या साध्या दिवशी सरावाला या. कोचला आधी कळवू नका. कोणतंही एक मूल मनात धरा आणि तासाभरात ते किती वेळ चेंडूवर असतं आणि किती वेळ नुसतं उभं असतं, ते घड्याळ लावून बघा.

पुढच्या हंगामाच्या नेमणुकांची बैठक होईल तेव्हा यादी खालून भरायला घ्या. तुमच्याकडच्या सगळ्यात जाणत्या कोचचं नाव १० वर्षांखालच्या गटासमोर लिहा, मग १२, मग १४. सीनियर संघासाठी उरलेल्यांतून निवडा. ती मोठी माणसं आहेत, सांभाळून घेतील.

आपला,
वयोगट सामन्यांतला एक पंच